दोरा कोण बदलणार?

योयो हे खेळणं बघायला गेलं तर काहीच नाही. लाकडाच्या दोन गोल चकत्या, मधे पेन्सिलीएवढी दांडी आणि त्या दांडीला गुंडाळलेला दोन हात दोरा. दोऱ्याचं दुसरं टोक मधल्या बोटात अडकवायचं आणि चकरी हातातून खाली सोडायची. दोरा उलगडत जातो, चकरी गरगरत तळाला पोचते आणि त्याच गिरकीच्या जोरावर दोरा अंगाभोवती गुंडाळत परत हातात येते. रहाटावर पाणी ओढलेल्या माणसाला हे लगेच कळेल. बादली विहिरीत सोडली की रहाट असा काही फिरतो की दोर संपला तरी थांबत नाही. हात घातला नाही तर दोर उलट्या अंगानं गुंडाळायला लागतो. योयो म्हणजे असाच एक रहाट, फक्त इथं बादलीऐवजी रहाटच खाली उतरतो आणि परत येतो.

हातातून सोडल्याशिवाय हे खेळणं खेळत नाही. मुठीत धरून ठेवलेला योयो म्हणजे लाकडाचा गट्टू. मग काचेच्या कपाटात ठेवलेला योयो हा योयो राहतो का? खेळणं जपायचं का खेळायचं? प्रश्न पोरकट वाटेल. पण आमच्या गावात तो एकदा खरोखरचा उभा राहिला आणि भल्याभल्यांना त्याचं उत्तर देता आलं नाही. त्याकडं येतोच. आधी मोठ्या जगात काय चालतं ते बघू.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या चिको नावाच्या गावात योयोचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. एका खेळण्यांच्या दुकानाच्या मागच्या बाजूला ते आहे. जुने लाकडी, पत्र्याचे, प्लॅस्टिकचे योयो तिथं कपाटांत मांडून ठेवलेत. तिथंच एक अजस्र लाकडी योयो आहे, वजन २५६ पौंड, म्हणजे आपल्याकडच्या क्विंटलाहून जास्त. तो नुसता शोभेचा नाही, क्रेनला बांधून सोडला की खाली जाऊन वर येतो. त्याच देशात रॉचेस्टर शहरात खेळण्यांचं मोठं संग्रहालय आहे. चांगल्या खेळण्यांना तिथं मानाच्या यादीत घेतात, जसं आपण थोर माणसांचे फोटो शाळेत लावतो. डंकन कंपनीचा योयो त्या यादीत १९९९ साली गेला. गंमत म्हणजे २००५ साली पुठ्ठ्याचं खोकं त्या यादीत गेलं आणि २००८ साली काठी. साधी लाकडाची काठी! हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं. आमच्या लहानपणी काठी हाच घोडा, काठी हीच बंदूक आणि काठी हीच बैलगाडीची जुपणी होती. संग्रहालयातल्या माणसांनाही हे ठाऊक आहे तर.

योयो तसा फार जुना. जर्मनीत बर्लिनला एक ग्रीक प्याला आहे, इसवी सनापूर्वी ४४० च्या सुमाराचा. त्याच्या आतल्या अंगावर एक पोरगा उभा आहे आणि त्याच्या हातातून दोऱ्यावर चकरी लोंबते आहे. आपल्या देशातही ती होती. सूरदासांच्या एका प्रसिद्ध पदात बाळकृष्ण भोवरा आणि दोरीची चकरी हातात घेऊन गल्लीत खेळायला निघतो. हिंदीत तिला चकई म्हणतात. राजस्थानात १७७० च्या सुमारास काढलेलं एक चित्र आहे, त्यात एक बाई उभी राहून योयो खेळते आहे. प्याल्यावरचा पोरगा कोण, चित्रातली बाई कोण, कुणाला माहीत नाही. पण ही दोघं खेळत होती एवढं आपल्याला माहीत आहे. का, तर कुणीतरी तो प्याला आणि तो कागद जपून ठेवला.

आता ‘योयो’ हे नाव ज्याच्यामुळं जगभर गेलं, त्याची गोष्ट ऐका. पेद्रो फ्लोरेस हा फिलिपाईन्सचा माणूस. तरुणपणी पोट भरायला अमेरिकेला गेला, तिथं हॉटेलात पाहुण्यांच्या पेट्या उचलायचं काम त्यानं केलं. त्याच्या मुलखात हे खेळणं पोरं सर्रास खेळत. १९२८ साली त्यानं सांता बार्बरा इथं योयो तयार करायचा कारखाना काढला. ‘हे मी शोधून काढलं’ असं तो कधी म्हणाला नाही. त्याच्या योयोचा दोरा दांडीला बांधून टाकलेला नव्हता, दांडीभोवती सैल फासात अडकवलेला होता. त्यामुळं चकरी तळाला गेली की लगेच वर येत नाही, तिथंच गरगरत राहते. मनगटाला जरा हिसका दिला की मग वर येते. या एका सैल फासामुळं हजार करामती करता येऊ लागल्या. पुढं डंकन नावाच्या उद्योगपतीनं त्याचा धंदा विकत घेतला. १९४६ साली विस्कॉन्सिनमधल्या लक नावाच्या लहान गावात डंकनचा कारखाना गेला आणि मेपलच्या लाकडाचे योयो तिथून देशभर जाऊ लागले. १९६५ साली कोर्टानं सांगितलं की योयो हा शब्द लोकांचा झाला आहे, त्यावर एकट्या कंपनीचा हक्क नाही. त्याच वर्षी कंपनीचं दिवाळं निघालं.

ही कंपनी दुकानादुकानांत माणसं पाठवायची. त्यात बरीच फिलिपिनो पोरं होती. दुकानासमोर उभं राहून ती योयोच्या करामती दाखवत, आणि ज्या पोरानं योयो घेतला असेल त्याच्या योयोवर चाकूनं माडाचं झाड किंवा पाखरू कोरून देत, पोराचं नावही घालत. आज हे कोरलेले योयो जमवणारे लोक हौसेनं शोधतात. कोरणाऱ्यांची नावं मात्र बहुतेकांना ठाऊक नाहीत.

इथपर्यंत संग्रह करणाऱ्यांचं कौतुकच करावंसं वाटतं. मन अडतं ते पुढच्या गोष्टीपाशी. जुन्या खेळण्यांच्या बाजारात एक नियम आहे. खेळून झिजलेल्या खेळण्याला किंमत कमी. रंग उडालेला नसावा, दोरा मूळचा असावा, आणि खेळणं विकत घेतलं तेव्हाच्या पुठ्ठ्यावरच अजून अडकवलेलं असेल, म्हणजे त्याला कुणी हातच लावला नसेल, तर किंमत सगळ्यात जास्त. आपल्या गावरान डोक्याला हे उलटं वाटतं. आपल्याकडं बैल कामाला किती चांगला, पाभर किती पेरण्या झालेली, यावर त्याचं मोल ठरायचं. इथं जे खेळणं कुठल्याच पोराच्या हाताला लागलं नाही ते सगळ्यात महाग.

विचार केला तर त्या महाग योयोमागं एक पोर उभं आहे, ज्याला तो मिळायला पाहिजे होता आणि मिळाला नाही. दुकानातच राहून गेला असेल, नाहीतर ‘खराब होईल’ म्हणून घरच्यांनी वर फळीवर ठेवला असेल. त्या न झालेल्या खेळाची किंमत आज कुणीतरी मोजून देतो. पैसे देणाऱ्याला दोष द्यावा असं मी म्हणत नाही, तो काही पोराच्या हातातून हिसकून घेत नाही. पण ज्या मापानं खेळण्याचं मोल न खेळण्यात धरलं जातं, ते माप खेळण्याचं नाही, सोन्याचं आहे. सोनं कुलपात ठेवलं तरी सोनंच राहतं. खेळण्याचं तसं नाही.

आता आमच्याकडची बाजूही सांगितली पाहिजे, कारण आम्ही याच्या अगदी दुसऱ्या टोकाला होतो. माणदेशातल्या आमच्या गावात खेळणं जपायची रीत मुळातच नव्हती. सुतार बाभळीच्या तुकड्याचा भोवरा करून द्यायचा, त्याला लोखंडी आर बसवायचा. तो भोवरा आम्ही रिंगणात घालून दुसऱ्याच्या भोवऱ्यानं फोडायचो. फोडण्यासाठीच तो डाव होता. फुटलेला भोवरा संध्याकाळी चुलीत जायचा आणि त्यावर भाकरी भाजली जायची. शिंप्याकडून दोऱ्याचं रिकामं लाकडी रीळ मागून आणायचं, त्याच्या पोटाला सुतळी गुंडाळायची आणि वरखाली नाचवायचं. सोडावॉटरच्या बाटलीचं पत्र्याचं झाकण दगडानं ठोकून चपटं करायचं, खिळ्यानं दोन भोकं पाडायची, दोरा ओवायचा आणि दोन्ही हातांनी ताणत गुंई गुंई फिरवायचं. बोट कापलं की हळद. झाकण हरवलं की दुसरं झाकण.

यात मजा होती, हे खरं. आणि आम्ही न जपल्यामुळं काही बिघडलं नाही, कारण खेळणं गेलं तरी ते करणारा सुतार होता, खेळ शिकवणारा थोरला भाऊ होता आणि खेळायला माती होती. वस्तू जात होती, विद्या राहत होती. पुढं सुतार मुंबई-पुण्याला गेले, थोरले भाऊ साखर कारखान्यावर गेले आणि वाड्यापुढच्या मातीवर फरशी आली. मग कळलं की आता वस्तूही नाही आणि विद्याही नाही. आज आमच्या गावात भोवऱ्याला दोरी गुंडाळता येणारं पोरगं शोधावं लागतं. न जपणाऱ्यांचं हे असं होतं. म्हणून संग्रहालयवाल्यांना हसायची सोय आम्हाला उरलेली नाही.

पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. खेड्यातल्या माणसानं ते एकदा तरी बघावं. दिनकर केळकरांनी उभं आयुष्य घालवून दिवे, अडकित्ते, कुलपं, भांडी, बाहुल्या, खेळणी गोळा केली. राजेरजवाड्यांच्याच वस्तू नव्हेत, घराघरांत वापरल्या जाणाऱ्या. त्या संग्रहाला नाव दिलं ते लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं. तिथल्या खेळण्यांपुढं उभं राहिलं की ही गोष्ट मनातून जात नाही. कुणाच्या कुणाच्या मुलांची खेळणी एका बापानं आपल्या गेलेल्या मुलाच्या नावाखाली एकत्र ठेवली. ती खेळणी कुणी खेळत नाही. पण त्यांना निर्जीव म्हणायला जीभ रेटत नाही.

ग्रीक लोकांचीही एक रीत होती. मुलं मोठी झाली की आपली खेळणी देवाला वाहायची. मुली लग्नाआधी चेंडू, बाहुल्या देवीपुढं ठेवत. तिथं भाजक्या मातीच्या, सुंदर चित्रं काढलेल्या योयोसारख्या चकऱ्या सापडल्या आहेत. त्या खेळायला फार नाजूक आहेत, त्या वाहण्यासाठीच केल्या असाव्यात असं काही अभ्यासक मानतात. आपल्याकडं मूल व्हावं म्हणून नवस बोलतात आणि मूल झालं की देवाला लहानसा लाकडी पाळणा बांधतात. त्या पाळण्यात कुठलंच बाळ झोपत नाही. म्हणून तो पाळणा खोटा ठरत नाही. तेव्हा न वापरलेली वस्तू ही वाया गेलेलीच वस्तू, असंही म्हणता येत नाही. ती कुणासाठी ठेवली आहे, यावर बरंच अवलंबून आहे.

आता आमच्या गावातली गोष्ट.

माझी एक आत्ती होती. तिच्या नवऱ्याला आम्ही आमच्याकडच्या रीतीप्रमाणं मामा म्हणायचो. मामा मुंबईला गिरणीत होते. एका दिवाळीला त्यांनी थोरल्या पोरासाठी लाकडी योयो आणला. लाल रंगाचा, मधे पिवळी रेघ. आमच्या गावात आलेला तो पहिला योयो. माझा हा आत्तेभाऊ माझ्याच वयाचा. दोन दिवसांत तो असा काही खेळायला लागला की म्हातारी माणसं पारावर हातातली तंबाखू तशीच धरून बघत बसायची. मला खेळायला द्यायचा, पण मोजून दहा वेळा. अकराव्याला हात पुढं करायचा.

पुढं बहात्तरचा दुष्काळ आला. आत्ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. पोरगा बरोबर असायचा. खडीच्या ढिगावर बसून तो योयो खेळायचा आणि बाया हातोडी चालवता चालवता मान वर करून हसायच्या. सुकडी खाऊन झाली की म्हणायच्या, ‘दाव रं तुझं चाक.’ पुष्कळ वर्षांनी मी वाचलं की १९३३ साली सीरिया देशात दुष्काळ पडला तेव्हा तिथं योयोवर बंदी घातली होती असं सांगतात. खाली आलेली चकरी परत वर जाते, तसा पाऊसही खाली येता येता माघारी जातो, अशी लोकांची समजूत झाली होती म्हणे. आमच्या खडीच्या ढिगावर कुणाच्या डोक्यात असं आलं नाही. त्या वर्षी तिथं हसण्यासारखं तेवढं एकच होतं.

दुष्काळ सरला, पाऊस आला, आणि त्या पावसाळ्यात पोरगा तापानं गेला. नऊ वर्षांचा होता.

त्यानंतर तो योयो कुणी पाहिला नाही. आत्तीला पुढं दोन मुलं झाली, नातवंडं झाली. आमच्यापैकी कुणीही ‘तो योयो कुठं आहे’ असं विचारलं नाही. अशा गोष्टी खेड्यात विचारत नाहीत.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेला बरीच वर्षं पुरी झाली म्हणून गुरुजींनी टूम काढली की गावातल्या जुन्या वस्तू गोळा करून एका खोलीत मांडायच्या. लोकांनी जाती दिली, उखळं दिली, पायली-अधोलीची मापं दिली, कुणी कंदील दिला. पोरांच्या खेळण्यांचा एक कोपरा करायचा होता, पण त्यात ठेवायला काही मिळेना. कारण सगळं चुलीत गेलेलं. तेव्हा कुणीतरी म्हाताऱ्यानं आठवण काढली, ‘तिच्या पोराचं चाक हुतं की.’ त्याच सुमारास शहरातला एक जुन्या वस्तू घेणारा गावात येऊन गेला होता. तांब्या-पितळेची भांडी घेता घेता त्याच्याही कानावर हे आलं. तो आत्तीच्या दारात जाऊन म्हणाला, लाकडी असेल, रंग असेल आणि दोरा पहिला असेल तर चांगले पैसे देतो.

गुरुजींबरोबर मी गेलो. आत्तीनं काही न बोलता ट्रंक उघडली. खालून एक फडकं काढलं. त्यात एक शाळेची टोपी, आणि टोपीत तो योयो. रंग ठिकठिकाणी उडालेला, कडेला दातांच्या खुणा. त्याला दात लावायची सवय होती, हे मला तेव्हाच आठवलं.

पण दोरा कोरा होता. पांढरा, पीळ घातलेला, गोधडीच्या दोऱ्याचा.

मी म्हटलं, ‘आत्ती, हा दोरा नवा दिसतोय.’

‘मग? दोरा कुजतो. दर दिवाळीला बदलती.’

‘कोण खेळतं मग?’

‘कोन न्हाई.’

गुरुजी गप्प झाले. मीही. चाळीसच्या वर दिवाळ्या. एकदाही हातातून न सोडलेल्या योयोला ती दरसाल नवा दोरा वळत होती. फास सैल ठेवला होता, तोही बरोबर. मामांनी दाखवला असेल, नाहीतर पोराचं बघून तिच्या हाताला कळलं असेल.

गुरुजींनी हळू आवाजात सांगितलं, ‘आज्जी, आम्ही काचेत ठेवू. कुलूप लावू. कुणी हात लावणार नाही.’

आत्तीनं योयो टोपीत ठेवला आणि म्हणाली, ‘काचंत ठिवनार. बरं. मग दोरा कोन बदलनार?’

या प्रश्नाला आमच्याकडं उत्तर नव्हतं. गुरुजी म्हणाले, दोरा बदलायची गरज नाही, उलट जुना तसाच ठेवतात. आत्तीला ते पटलं नाही. ती म्हणाली, ‘आवं गुरुजी, दोरा कुजल्यावर ते चाक कशाचं? पाटावरवंट्याचा दगूड झाला की त्यो.’ मग जरा वेळानं म्हणाली, ‘मी हाय तवर ऱ्हाऊ द्या. मागनं न्या. पर दोरा बदलत जावा.’ भांडीवाल्याला तिनं काय सांगितलं ते मला माहीत नाही. तो परत आला नाही एवढं खरं. आणि दोरा पहिला नसल्यामुळं त्याच्या हिशेबानं तो योयो निम्म्या किमतीचा झाला असेल.

या म्हातारीच्या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार करतो आहे. खेळणं जपायचं का खेळायचं, असा प्रश्न आपण करतो आणि दोन गट पाडतो. एका गटाची खेळणी काचेत, दुसऱ्या गटाची चुलीत. आत्ती दोन्ही गटांत बसत नव्हती. तिनं योयो कुणाला खेळायला दिला नाही, म्हणून आमच्यासारखी नाही. आणि तो जसाच्या तसा ठेवला नाही, म्हणून बाजारवाल्यासारखीही नाही. ती तो योयो तयार ठेवत होती. कुणासाठी, हे विचारायची माझी छाती झाली नाही. जो खेळणार नव्हता त्याच्यासाठी, का जो कधीतरी खेळेल त्याच्यासाठी? कदाचित तिलाही ते वेगळं करून सांगता आलं नसतं. पण खेळण्याशी ती जे वागली त्यात मला दोघांपेक्षा जास्त खरेपणा दिसतो. खेळण्याचा खेळण्यापणा म्हणजे त्याचा रंग नव्हे, त्याचं पहिलेपण नव्हे. ते कुणाच्या तरी हातून पुन्हा सुटू शकतं, हा त्याचा खेळण्यापणा. तो शाबूत ठेवणं म्हणजे जपणं.

यावर कुणी म्हणेल, असं दोरे बदलत बसलो तर खरी जुनी वस्तू राहणार कुठं? आज दोरा, उद्या रंग, परवा दांडी. हे म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. बर्लिनचा तो प्याला कुणी ‘दुरुस्त’ केला असता तर आपण पोराला मुकलो असतो. पेद्रो फ्लोरेसच्या काळातला योयो कुठंतरी जसाच्या तसा असलाच पाहिजे, नाहीतर पुढच्या माणसाला खरं-खोटं करायला साक्षीदारच उरणार नाही. साक्षीदाराला हात लावायचा नाही, हे मला मान्य आहे. पण प्रत्येक वस्तूला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करायची गरज नाही. हजारातली एक साक्षीला ठेवावी, बाकीच्यांना घरी जाऊ द्यावं. चिकोच्या त्या संग्रहालयाचं मला याच कारणासाठी कौतुक वाटतं. कपाटातले योयो कपाटात आहेत, पण पुढच्या बाजूला दुकान आहे, पोरं योयो घेतात, आणि त्या गावात योयोच्या स्पर्धाही झालेल्या आहेत. कपाटाची एक बाजू जगत्या खेळाला लागून असली की कपाट थडगं होत नाही.

आणि आमच्यासारख्यांनी, ज्यांनी सगळं चुलीत घातलं, त्यांनीही एवढं समजून घ्यावं की विद्या आपोआप राहते हा आमचा समज खोटा ठरला. नुसती मोकळीक दिली म्हणून खेळ टिकत नाही. कुणीतरी दरसाल बसून दोरा वळावा लागतो. आपल्या गावातला भोवरा गेला तो मोबाईलमुळं, असं म्हणून आपण हात झटकतो. मोबाईल यायच्या आधीच आम्ही दोरा वळायचं सोडलं होतं.

आत्ती दोन वर्षांमागं गेली. तिच्या धाकट्या पोरानं दिवस घातल्यावर तो योयो टोपीसकट शाळेत नेऊन दिला. गुरुजींची बदली झाली होती, नव्या बाई आल्या होत्या. त्यांना सगळं सांगितलं. बाईंनी वस्तूंच्या वहीत नोंद केली आणि पुढच्या रकान्यात लिहिलं, ‘दर दिवाळीला दोरा बदलावा.’ पहिल्या दिवाळीला चौथीच्या पोरींनी दोरा वळला. पीळ बरोबर बसला का, फास सैल आहे का, हे नुसतं बघून कळत नाही. त्यासाठी योयो एकदा सोडून बघावा लागतो. एका पोरीनं सोडला. पहिल्यांदा तळालाच थांबला. दुसऱ्यांदा अर्ध्यापर्यंत आला. तिसऱ्यांदा हातात आला.

त्याच्या एका चकतीला बारीक चीर गेली आहे, हे बाईंनी मला दाखवलं. असंच सोडत राहिलं तर काही वर्षांत तो फुटेल. न सोडता ठेवला तर कदाचित शंभर वर्षं राहील. बाईंनी विचारलं, ‘काय करू?’ मी त्यांना सांगितलं की वर्षातनं एकदाच सोडा, पण सोडा. आणि तोवर सुताराकडून तसाच एक दुसरा करून घ्या, रोज खेळायला. सुतार कुठून आणायचा, हा आता आमच्यापुढचा प्रश्न आहे. शेजारच्या गावात एक म्हातारा आहे म्हणतात. त्याच्याकडं जायचं आहे.